पंचाक्षरीतलं पाचवं अक्षर कुठं जातं? (जप, माळ, मोजणी)

मार्कंडेयकाठ
श्रावणात ‘नमः शिवाय’ या पंचाक्षरी मंत्राचा सव्वा लाख जप घरी करायचा आहे. ४० दिवस धरलेत. रोज किती माळा बसतील? मोठ्यानं म्हणायचा, पुटपुटत की मनात? आणि उच्चार, उच्चार म्हणून जे चाललेलं असतं ते नक्की कशासाठी? देवाला आपली बेळगावी मराठी कळत नाही होय? (भांडायला नाही ओ, खरंच विचारतोय.)

निपाणी नाका
पहिल्यांदा आकडेमोड. निम्म्या लोकांचा जप तिथंच फसतो.

माळ १०८ मण्यांची असली तरी मोजताना १०० धरायची. वरचे ८ चुकल्यामाकल्याचे. १,२५,००० जप म्हणजे १,२५० माळा. ४० दिवसांत रोज सव्वाएकतीस, म्हणजे ३२. पुटपुटत, अक्षर न गिळता म्हटलं तर एका मंत्राला साधारण २ सेकंद लागतात आणि माळेला साडेतीन मिनिटांच्या वर. ३२ माळांना दोन तास धरा. कुणाची माळ दीड मिनिटात संपत असेल तर अक्षर खाल्लं जातंय हे ऐकायचीसुद्धा गरज नाही.

पण तुमची अडचण वेगळीच आहे. श्रावण शुद्ध प्रतिपदेला बसलात तर तेहतीस-चौतिसाव्या दिवशी गणेशचतुर्थी. त्या आठवड्यात आपल्याकडं कुठल्या घरात दोन तास सलग शांतता असते? आरती, गौरी, पाहुणे, करंज्या. आणि अनुष्ठानात रोजचा आकडा कमी-जास्त करता येत नाही. आज २० आणि उद्या ४४ असं चालत नाही.

म्हणून ४० चा हट्ट सोडा आणि श्रावण अमावास्येला संपवा. चांद्रमहिना कधी ३० दिवसांचा असतो, कधी २९ चा. ३० धरून रोज ४२ माळा ठरवल्या आणि महिना २९ चा निघाला तर १,२१,८०० वरच थांबाल. २९ धरूनच बसवा: रोज ४४ माळा, एकूण १,२७,६००. वेळ दोन तास चाळीस मिनिटं. सकाळी ३०, संध्याकाळी १४ अशी फोड केली तरी चालते, मात्र पहिल्या दिवशी केलेली फोड शेवटपर्यंत तशीच ठेवायची.

आणखी एक. सव्वा लाखाला पुरश्चरण म्हणू नका. पुरश्चरण अक्षरलक्ष असतं, मंत्रात जितकी अक्षरं तितके लाख. पंचाक्षरीचं ५ लाख, गायत्रीचं २४ लाख. सव्वा लाख हे अनुष्ठान.

कणकुंबी
अक्षरांचा विषय निघालाच आहे तर उच्चाराचं मी घेतो.

न, मः, शि, वा, य. ही पाच. आता मराठी माणूस ते कसं म्हणतो ते कान देऊन ऐका. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, ती आपल्या भाषेची चालच आहे. ‘घर’ आपण ‘घर्’ म्हणतो. तीच सवय मंत्रात येते आणि ‘शिवाय’चं ‘शिवाय्’ होतं. ‘य’ला स्वर उरला नाही की ते अक्षर राहत नाही, ‘वा’च्या शेपटीला लटकतं. पंचाक्षरी झाली चतुरक्षरी.

गंमत पुढं आहे. आपण विसर्ग मोकळा करून ‘नमहा’ म्हणतो. न, म, हा, शि, वाय्. मोजून बघा, पाचच भरतात! एक अक्षर मागं गळालं, एक पुढं घुसलं. ताल बिघडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चूक सापडत नाही.

विसर्ग म्हणजे पूर्ण ‘हा’ नव्हे. पुढं ‘श’ आला की संधीनं विसर्गाचाच ‘श्’ होतो, ‘नमश्शिवाय’. वैदिक म्हणताना तुम्हाला हेच ऐकू येईल. जमत नसेल तर ‘नमः’वर श्वासाचा हलका झटका द्या आणि सरळ ‘शि’वर या. ‘हा’ची मात्रा तेवढी देऊ नका.

द्वादशाक्षरी तर आणखी धुपते. ॐ न मो भ ग व ते वा सु दे वा य, ही बारा. आपण ‘भगव्ते’ म्हणतो, एक गेलं. ‘वासुदेवाय्’ म्हणतो, दुसरं गेलं. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ १३ अक्षरांचा, पण बोलण्याच्या वेगात श्री-राम्-जय्-राम्-जय्-जय्-राम् असा होतो. सात.

दुसरी मराठी खोड लिहिण्यातून येते. आपल्या शुद्धलेखनात शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘धीमहि’चं ‘धीमही’ छापलं जातं आणि तसंच म्हटलंही जातं. तिथं ‘हि’ ऱ्हस्वच. तिसरी, ‘ब्रह्म’चं ‘ब्रम्ह’. चौथी, श आणि ष एकाच जागेवरून काढणं. गायत्रीत ‘वरेण्यं’ छापल्याप्रमाणे मोजलं तर २३ च भरतात, ‘वरेणियं’ धरून २४ होतात. तो मात्र छंदाचा नियम आहे, छापखान्याची चूक नाही.

हिंडलगा फाटा
एवढं घाबरवलंत तर माणूस जपच सोडेल. नामाला काळवेळ नाही, सोवळंओवळं नाही असं संत सांगून गेले. बाळेकुंद्रीला पंत महाराजांच्या उत्सवात किंवा अनगोळच्या हरिमंदिरात भजनाला बसलेल्या बायाबापड्यांना ‘तुमचा अ गळाला’ म्हणून सांगणार काय?

कणकुंबी
नाही सांगणार. नाम वेगळं, मंत्र वेगळा. आईला ‘आई’ म्हणा, ‘आये’ म्हणा, ती वळून बघतेच. हाकेत ‘राम्’ चालतो. मार्कंडेयकाठ यांनी ठराविक अक्षरांचा, ठराविक संख्येचा संकल्प करायचं ठरवलंय. आपणच अक्षरं मोजायचा करार केला तर मग ती भरायला नकोत होय?

घाबरवायला लोक ‘इंद्रशत्रु’ची गोष्ट सांगतात. स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा जन्मायच्या ऐवजी इंद्राकडून मरणारा जन्मला. ती गोष्ट यज्ञातल्या वैदिक स्वराची आहे. घरच्या पंचाक्षरीवर ती लादू नये. अक्षर गळालं म्हणून काही कोसळत नाही, संख्या तेवढी पोकळ होते.

शहापूर पेठ
त्या ‘य’चं महत्त्व न्यासात, म्हणजे मंत्र हातानं स्पर्श करत अंगावर ठेवण्यात कळतं, म्हणून न्यासच सांगतो.

मंत्राला ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती, कीलक असतात. पंचाक्षरीचा ऋषी वामदेव, छंद पंक्ती, देवता सदाशिव. ॐ बीज, नमः शक्ती, शिवाय कीलक. ऋषीचा न्यास डोक्यावर, छंदाचा तोंडावर, देवतेचा हृदयावर.

मग अक्षरं एकेक करून अंगावर ठेवायची:
ॐ ॐ हृदयाय नमः, छातीवर.
ॐ नं शिरसे स्वाहा, डोक्यावर.
ॐ मं शिखायै वषट्, शेंडीच्या जागी.
ॐ शिं कवचाय हुम्, हातांची अढी घालून दोन्ही खांद्यांना.
ॐ वां नेत्रत्रयाय वौषट्, दोन डोळे आणि भुवयांचा मध्य.
ॐ यं अस्त्राय फट्, डोक्याभोवती हात फिरवून डाव्या तळव्यावर टाळी.

म्हणजे ‘य’ हे अस्त्र. बाकीची पाच ठिकाणं बंद करून शेवटी सगळ्या बाजूंनी कुंपण घालायचं ते ‘य’नं. कणकुंबी म्हणतात तसं नेमकं तेच अक्षर आपण गिळतो.

बसण्याचा क्रम असा: आचमन, प्राणायाम ३, संकल्प, गुरू आणि गणपतीचं स्मरण, न्यास, ध्यान, मग माळ. उठताना पुन्हा न्यास, जपाचं समर्पण, पळीभर पाणी सोडणं. संकल्प रोज सबंध म्हणायला हवा असं नाही. पहिल्या दिवशी संख्या, दिवस आणि हेतू स्पष्ट उच्चारायचा, पुढं त्याची आठवण पुरते. संकल्पातलं ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ आपल्या सगळ्या जिल्ह्याला लागू पडतं. कुणी हौसेनं कृष्णा घालत असेल तर जपून. चिकोडी कृष्णेच्या दक्षिणेला, अथणी उत्तरेला. संवत्सराचं नाव आणि महिना मात्र मराठी आणि कानडी पंचांगात एकच. दोघांचेही महिने अमावास्येला संपतात, त्यामुळं शेजारच्या घरातला श्रावण तो आपलाच.

अथणी वेस
संवत्सर एक, पण जिभा दोन. आमच्याकडं एकाच वाड्यात दोन्ही ऐकू येतात म्हणून लिहितो.

कानडी बोलणाऱ्याचा शेवटचा ‘अ’ गळत नाही, कारण कन्नड शब्द स्वरावरच संपतो. त्याचं ‘शिवाय’ पूर्ण असतं. कधी जास्तच पूर्ण होऊन ‘शिवाया’ होतं, तेही चूक. उलट बोलीत त्याचे महाप्राण पडतात, ‘भर्गो’चं ‘बर्गो’, ‘धीमहि’चं ‘दीमहि’. ते मराठीला सोपे जातात. आणखी एक, कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, संस्कृतात नसतात. कन्नड लिपीतल्या पुस्तिकेत ‘नमो’ ऱ्हस्व ओकारानं छापलं असेल तर तो मुद्रणदोष, तसं वाचू नये. शक्य असेल तर समोरासमोर बसून एकमेकांचं ऐका. मराठी माणसानं कानडी माणसाकडून शेवटचा ‘अ’ घ्यावा, कानडी माणसानं मराठी माणसाकडून ‘भ’ आणि ‘ध’. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

लिंगायत घरातली पद्धतही सांगून ठेवतो, नाहीतर दोन्हीची खिचडी होते. तिथं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर ठेवून षडक्षरी म्हणतात. दीक्षा बायकांनाही असते. ॐ धरून सहा अक्षरं षट्स्थलाशी, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्यांशी जोडलेली. शहापूर पेठ यांनी सांगितलेली आगमातली बैठक आणि ही इष्टलिंगाची बैठक वेगवेगळ्या आहेत. एकीतलं अर्धं, दुसरीतलं अर्धं घेऊ नका. ज्याला जी दीक्षा त्यानं ती.

गणेशपूर
मोठ्यानं की मनात, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

तीन प्रकार. वाचिक म्हणजे शेजारच्याला ऐकू येईल असा. उपांशु म्हणजे ओठ आणि जीभ हलते, पण आवाज फार तर आपल्यालाच. मानस म्हणजे ओठ, जीभ, दोन्ही स्थिर. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जप दसपट, उपांशु शंभरपट, मानस हजारपट असं म्हटलंय. लोक हे वाचतात आणि पहिल्याच दिवशी मानस धरतात. तिसऱ्या माळेला हातातली माळ चालू आणि मन भाजी मंडईत.

कारण साधं आहे. वाचिकात कान राखण करतो, चुकलेलं अक्षर लगेच ऐकू येतं. उपांशुत जीभ राखण करते. मानसात राखणदार कुणीच नाही, मनच म्हणणारं आणि मनच ऐकणारं. म्हणून ४४ पैकी पहिल्या ४ माळा वाचिक, मधल्या ३६ उपांशु, शेवटच्या ४ मानस अशा ठेवा. महिनाभरात मानसाच्या माळा आपोआप वाढवाव्याशा वाटतील, तेव्हाही चारच ठेवा.

मानस खरं आहे का ते बघायचं असेल तर जिभेचं टोक वरच्या दातांमागं टेकवून ठेवा. ते हललं की तो उपांशु.

श्वासाचं. वाचिक जप भरभर आणि ताणून केला की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. हा काही साक्षात्कार नव्हे, श्वास गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातोय. वेग कमी करा, दोन मंत्रांनंतर नाकानं श्वास घ्या. मानसात एका श्वासाला एक मंत्र अशी सक्तीही करू नका, छाती भरून येते. श्वासाला नाम जोडायचं असेल तर ती सोहंची वाट, आत ‘सो’, बाहेर ‘हं’. मिनिटाला १५ धरून दिवसाचे २१,६०० हा आकडा तिथूनच येतो. तो अजपा, त्याला माळ लागत नाही. हिंदवाडीत गुरुदेव रानड्यांच्या मंदिराशी जोडलेली मंडळी नामस्मरणालाच सगळ्या साधनेचा कणा मानतात. ती वाट धरायची तर सव्वा लाखाची वही मिटून ठेवा. दोन्ही एकदम नको.

आणि अर्थ. पतंजलींनी ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ म्हटलंय, जप आणि त्याच्या अर्थाची भावना एकत्र. ‘शिवाय’ ही चतुर्थी आहे, ‘शिवाला’. म्हणजे वाक्य पुरं होतं ते ‘य’वरच.

लोंढा जंक्शन
माळेबद्दल कोरडं ज्ञान सगळे देतात, ओलं कुणी देत नाही! श्रावणात खानापूर पट्ट्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथं माळेचं काय होतं ते ऐका.

सुती दोरा ओल धरून फुगतो, मणी अडतात, बोट जोर करतं आणि नेमका मेरूजवळ, म्हणजे जोडाच्या मण्याजवळ तुटतो. अनुष्ठानाआधी आठवडाभर तपासा, शंका असेल तर नव्या दोऱ्यात ओवून घ्या. दोन मण्यांमध्ये गाठ हवीच. गाठ नसेल तर मणी एकमेकांना चिकटून दोन-दोन सरकतात आणि मोजणी गेली. रुद्राक्ष ओवताना मुखाला मुख, पुच्छाला पुच्छ. तुळशीच्या मण्यांना घामानं आणि ओलीनं बुरशी धरते. गोमुखी, म्हणजे जपताना माळ झाकायची पिशवी, ओली राहिली तर आतच धरते, म्हणून गोमुख्या दोन ठेवा. माळ प्लास्टिकच्या पिशवीत नको, उन्हातही नको, तडकते. वाऱ्यावर टांगा. रुद्राक्ष कोरड्या ब्रशनं साफ करून तिळाच्या तेलाचं बोट फिरवा. पंचामृताचा अभिषेक पावसाळ्यात माळेवर करू नका, दूध भोकात बसतं आणि तीन दिवसांनी वास मारतं. पाण्यात बुडला तो खरा रुद्राक्ष ही परीक्षाही सोडून द्या. जुना, वाळलेला अस्सल मणी तरंगतो आणि कोरीव लाकूड बुडूही शकतं.

धरायची कशी: माळ मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर, अंगठ्यानं मणी आपल्याकडं ओढायचा, तर्जनी बाजूला. मेरू ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत यायचं. फिरवताना तर्जनीची मदत लागते असं वाटतं, लागत नाही, मनगट आत वळवा.

आसनाला घोंगडी. नुसत्या फरशीवर बसाल तर या दिवसांत गुडघे धरतात.

हिंडलगा फाटा
माळच तुटली तर? बोटात घालायचं ते बटणाचं मोजयंत्र चालेल काय?

शहापूर पेठ
नामाला चालेल, अनुष्ठानाला बोटं वापरा. करमाळा यायलाच हवी. अनामिकेचं मधलं पेर १, तिचंच खालचं २, करंगळीचं खालचं ३, मधलं ४, टोक ५, अनामिकेचं टोक ६, मधल्या बोटाचं टोक ७, तर्जनीचं टोक ८, मधलं ९, खालचं १०. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं हा मेरू, तिथं जायचं नाही. अशा १० फेऱ्या म्हणजे १००. वरचे ८ अनामिकेच्या खालच्या पेरापासून सुरू करून तर्जनीच्या मधल्या पेरावर संपवायचे. दहाचे दहा डाव्या हातावर लक्षात ठेवायचे. देवीच्या मंत्राची करमाळा निराळी असते, तिथं ही लावू नका.

मार्कंडेयकाठ
सगळ्यांचे आभार. ४४ माळा पक्क्या. ॐ लावायचा की नाही? मधेच डुलकी लागली, फोन आला, भावकीत सुतक पडलं तर काय? आणि होमाचं कसं?

शहापूर पेठ
ॐ लावा, ॐ सकटच म्हणतात. लावला तरी नाव पंचाक्षरीच.

मधे बोललात तर आचमन, एक प्राणायाम आणि ती माळ पहिल्यापासून. जांभई, शिंक आली तर आचमन किंवा उजव्या कानाला हात. डुलकीत माळ हातातून सुटली तर ती मोजायची नाही. डुलकी रोज त्याच माळेला लागत असेल तर जेवणाची वेळ बदला. पोट भरून बसलेला माणूस पंधराव्या माळेला जातोच.

सुतकाचा नियम असा की व्रत, यज्ञ, विवाह, जप सुरू झाल्यावर सुतक लागत नाही, सुरू व्हायच्या आधी लागतं. म्हणून पहिल्या दिवशीचा संकल्प महत्त्वाचा. आदल्या रात्री सुतक पडलं तर श्रावण जातो, दुसरा मुहूर्त बघायचा.

निपाणी नाका
होमाचं माझ्याकडं. जपाच्या दशांश होम, त्याच्या दशांश तर्पण, त्याच्या दशांश मार्जन (मंत्र म्हणून पाणी शिंपडणं), त्याच्या दशांश भोजन. १२,५०० आहुत्या, १,२५० तर्पणं, १२५ मार्जनं, १३ पानं. आहुतीला अर्धा ग्रॅम तूप धरलं तरी सव्वासहा किलो. पाच जण एकदम बसले तर प्रत्येकी २,५०० आहुत्या, ५ सेकंदांनी एक, साडेतीन तास. फ्लॅटमध्ये हे जमत नाही, धूर लागून शेजारी दार वाजवतात.

होम जमत नसेल तर होमसंख्येच्या दुप्पट जप, म्हणजे २५,००० आणखी. २५० माळा. त्या शेवटी ढकलल्या तर गणपतीत सापडाल. रोजच्याच बैठकीत ९ वाढवा, ५३ होतात, २९ दिवसांत २६१ जादा माळा भरतात. वेळ तीन तास दहा मिनिटं.

कणकुंबी
आणि ५३ ठरवण्याआधी आज एक माळ मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिले दहा आणि शेवटचे दहा मंत्र ऐका. शेवटच्या दहांत ‘य’ ऐकू येत नसेल तर वेग ठरवलेल्यापेक्षा कमी करा आणि निपाणी नाका यांच्याकडून माळांचा वेळ पुन्हा मोजून घ्या.